कढीपत्त्याची फौजदारी

माझी चौदा सेकंदांची एक फिल्म सध्या आमच्या गल्लीत फिरते आहे. तिच्यात मी लुंगी आणि भोकाचं बनियन अशा वेषात समोरच्यांच्या कुंपणावरून वाकतो, कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या तोडतो, इकडेतिकडे बघतो आणि तिसरी तोडतो. ते इकडेतिकडे बघणं मान अवघडली म्हणून होतं. पण आता कोण ऐकतं?

धुळ्यात, देवपुरात आमचं घर. समोर बापूंचं. मे महिना, रात्रीचे साडेआठ, खिचडी उतरलेली, कढी गॅसवर. बायकोने आतून "कढीपत्ता!" म्हणायचं आणि मी समोरून आणायचा, हे गेली पंधरा वर्षं चालू आहे. मुळात ते रोप आमच्याच कुंडीतून त्यांच्याकडे गेलं. फिल्ममध्ये हे येत नाही.

बापूंचे चिरंजीव टेक्सासला असतात. दिवाळीत आले आणि जाताना फाटकाच्या खांबावर कॅमेऱ्याची बेल बसवून गेले. कोणी जवळ आलं की तिला कळतं, ती चित्र काढते, आणि तिकडे चिरंजिवांच्या मोबाइलवर टुंग वाजतं. हे मला ऐकून माहीत होतं. पण ती बोलते, हे कोणी सांगितलं नव्हतं.

तिसरी डहाळी हातात आली आणि खांबावर निळं कडं पेटलं.

"हॅलो! हू इज धिस?"

मी डहाळी लुंगीत लपवली. का लपवली, मला अजून कळत नाही.

"आप्पा का? जरा मागे सरका ना. नुसतं नाक दिसतंय."

मी मागे सरकलो. पन्नाशी उलटलेला माणूस, एका बटणाच्या सांगण्यावरून.

"थोडे डावीकडे. हां. बोला आप्पा, काय काम होतं?"

काय सांगणार? पोरगा तिकडे सकाळी दहा वाजता ऑफिसात बसलेला, आणि मी त्याला सांगायचं की कढीला फोडणी द्यायची आहे? तेवढ्यात माझी अब्रू वाचवायला मोठी माय मधे पडली. बापूंच्या आई. फाटकापासून चार हातांवर ओट्यावर बाज टाकून त्या पडलेल्या असतात. मी आलो तेव्हाच त्यांनी मला पाहिलं होतं आणि पाहून कूस बदलली होती, कारण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"कोन शे रे?" त्या उठून बसल्या.

"आजी, मी बोलतोय. गेटवर कोणीतरी आहे."

"कोनीतरी काय? हाऊ समोरना आप्पा शे! कढीपत्ता लेवाले येल शे. त्यासना घर कढी शे."

आमच्याकडे कढी आहे हे त्यांना वासावरून कळलेलं. याला कॅमेरा लागत नाही.

"हो आजी, पण मला अलर्ट आला ना."

"तू आठे नही, मंग तुले कसं दिखनं?"

"कॅमेरा आहे आजी. मी इथून घर बघू शकतो."

मोठी माय उठल्या. काठी टेकत खांबापाशी आल्या. बेलला डोळा लावला. आत नातू दिसेना. मग खांबाच्या मागे जाऊन पाहिलं. तिथेही नव्हता.

"तठे बठीसन आमनं घर देखस," त्या भोकात ओरडल्या, "तर आठेच ये ना! आनि तू जेवना का नही?"

टेक्सास गप्प झालं. मग हळूच म्हणालं, "सकाळ आहे आजी." आणि मला उद्देशून, बहुधा विषय बदलायला, "आप्पा, इथे तेवढ्या कढीपत्त्याला दोन डॉलर पडतात."

मी घरी आलो तेव्हा कढी फुटलेली होती.

इथवर मी विसरलोही असतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंनी ती फिल्म गल्लीच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, 'सावधान! परिसरात भुरटे चोर.' पुढे हसणारे चार चेहरे. हसणारे चेहरे लावले की माणसाला काहीही म्हणता येतं, अशी अलीकडे समजूत आहे.

त्यातून ते रात्रीचं चित्र. अंधारात हा कॅमेरा आपल्याला न दिसणारा उजेड टाकतो, त्यामुळे सगळं काळंपांढरं आणि डोळे मात्र चकचकीत. केळीच्या बागेत वनखात्याच्या कॅमेऱ्यात बिबट्या सापडतो ना, तसा मी. शिवाय भिंग रुंद, त्यामुळे मध्ये जे असेल ते फुगतं. मध्ये पोट होतं. बायकोला चोरीच्या आळाचं काही नाही. तिचं म्हणणं एकच, "ते बनियन मी पोछ्याला काढलं होतं."

तसं यंत्राला डोळे दाखवण्यात आम्ही खानदेशी देशात पहिले. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते मुंबईत नाही, आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. पण आधारला माणूस निदान केस विंचरून जातो. "इकडे बघा" म्हणतात, मग बुबुळं घेतात. मला कोणी विचारलं?

भाचा वकिली शिकतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, मामा, २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलंय, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊ! मी खुर्चीत ताठ बसलो. मग म्हणाला, पण २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे ना, तो एखाद्याने घरगुती कामासाठी जमवलेल्या माहितीला लागू नाही.

"आणि ग्रुपवर टाकलं ते? ते घरगुती?"

"त्यावर वाद घालता येईल. पण मामा, उलटतपासणीत ते पहिला प्रश्न विचारतील, कढीपत्ता तोडला होता का?"

कढीपत्त्याचं जाऊ द्या. माझं खरं दुखणं वेगळंच आहे. त्या बेलचं तोंड थेट माझ्या दाराकडे आहे. धुळ्यात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, दार लावून बसणं म्हणजे बट्टी होऊन निघणं. दार उघडं, दारासमोर मी जेवायला बसलेलो. आमच्याकडे आज कळण्याची भाकरी आहे की कालचीच खिचडी, हे बापूंना कळतं, टेक्सासला कळतं, आणि चित्रं जिथे कुठे साठतात तिथल्या कपाटाला कळतं. मी बापूंना म्हटलं, जरा तोंड फिरवा तिचं. तर म्हणे, "आप्पा, आपलं काय परकं आहे का? उलट तुमच्या घराची फुकट राखण होते." आता यावर भांडायचं कसं? भांडलो तर तेही रेकॉर्ड होणार.

आणि हे आजचं झालं. चेहरे ओळखणाऱ्या बेलही निघाल्या आहेत. उद्या खांब म्हणेल, "नमस्कार आप्पा, या महिन्यातली ही अकरावी डहाळी." परवा माझ्या फोनवर कढीपत्त्याची जाहिरात येईल. आणि आमच्या घरातच फितुरी आहे. परवा बायको बापूंच्या सुनेला विचारत होती, "गवळी खरंच सहाला येऊन गेला का गं, बघ ना तुझ्यात."

बापूंनी अजून फिल्म काढलेली नाही. पण मध्ये एका शनिवारी मोठ्या मायने लिंबू-मिरचीवाल्याला थांबवलं आणि एक माळ घेतली. फाटकाला बांधली ती नेमकी बेलच्या तोंडावर.

"इतली महाग वस्तू," त्या म्हणाल्या, "नजर लागी जाई."

त्या रात्री वारा सुटला होता. मिरच्या हलल्या की टेक्सासला टुंग. चिरंजीव दर पाच मिनिटांनी विचारत होते, "हॅलो? कोण आहे?" आणि मोठी माय बाजेवरून दर वेळी सांगत होत्या, "कोनी नही रे. तू जेव."

मी दार सताड उघडं टाकून जेवलो. तेव्हापासून दर शनिवारी नवी माळ. फक्त बुधवारपर्यंत मिरच्या वाळून आखडतात आणि मधून भिंग दिसायला लागतं. मग गुरुवार-शुक्रवार मी आत स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून बसतो.