‘गावठी जनावराला डॉक्टर कशाला?’ या संदेशाला उत्तर

गेल्या काही आठवड्यांपासून आमच्या तालुक्यातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. गावठी कुत्र्या-मांजरांची प्रतिकारशक्ती मुळातच दणकट असते, त्यांना लस किंवा डॉक्टर लागत नाही, घरात आणि कोठ्यात जे असते त्यातच त्यांचा इलाज होतो, असे त्यात म्हटले आहे. पुढे उपाय दिले आहेत: नाक कोरडे लागले की ताप समजावा, तापाला पॅरासिटामॉल द्यावी, गोचिडांना बैलांचे औषध लावावे, लुतीला जळालेले इंजिन ऑईल चोपडावे आणि कुत्रा चावल्यास जखमेवर तिखट दाबावे. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. ढोरांचा दवाखाना दूरच्या गावी असेल आणि रोजी पाडून तिथे जावे लागत असेल, तर घरचा उपाय जवळचा वाटणारच. परंतु यांतील काही उपाय जनावराचा जीव घेऊ शकतात आणि शेवटचा माणसाचा, म्हणून हे उत्तर लिहिणे मला आवश्यक वाटले.

‘गावठी कुत्रे आजारी पडत नाही’ हा समज कसा तयार होतो, ते आधी पाहू. आपल्याला गावात फिरताना दिसतात ती जगलेली कुत्री. दीड-दोन महिन्यांची असताना उलट्या आणि रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत गेलेली पिल्ले कोणी मोजत नाही. तो आजार बहुधा पार्व्हो असतो. त्याचा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे एका वर्षीची पिल्ले गेली की त्याच अंगणात आणलेले पुढचे पिल्लूही जाते आणि घरचे लोक ‘आमच्याकडे कुत्रे लाभत नाही’ म्हणून गप्प बसतात. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पहिली लस आणि नंतर ते सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढची लस दिल्यास हे मरण टळू शकते. जात गावठी असो की विलायती, यात फरक पडत नाही.

नाकाची परीक्षा निरर्थक आहे. निरोगी कुत्र्याचे नाकही झोपेतून उठल्यावर किंवा उन्हात कोरडे असते. ताप पाहायचा तो गुदद्वारात थर्मामीटर लावूनच, आणि 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट हे कुत्र्या-मांजराचे नेहमीचेच तापमान आहे. आपल्या अंगाच्या मानाने ते गरम लागते, एवढ्यावरून त्याला ताप आहे असे होत नाही.

पॅरासिटामॉलचा सल्ला मात्र मांजरासाठी सरळ विष आहे. हे औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची जी शक्ती माणसाच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात अत्यंत दुबळी असते. औषधापासून तयार होणारे विषारी द्रव्य रक्तातच राहते आणि तांबड्या पेशींना प्राणवायू वाहून नेता येत नाही. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजरालाही मारू शकते. चुकून दिली गेली असल्यास लक्षणांची वाट न पाहता निघावे, कारण यावर उतारा आहे आणि तो पहिल्या काही तासांतच खरा उपयोगी पडतो. कुत्र्याला ही गोळी इतकी लवकर बाधत नाही, तरी जास्त मात्रेने त्याचे यकृत निकामी होते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक या माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी पोटात जखमा होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडेही बिघडतात.

बैलांच्या औषधाचेही असेच आहे, आणि ते मी जवळून पाहिले आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या घरी बैलांना औषध लावून झाल्यावर बादलीत उरलेले पाणी मायेनेच मांजरीच्या अंगावर चोळले गेले. तिने अंग चाटले, संध्याकाळी ती थरथरू लागली, रात्री झटके आले आणि पहाटे ती गेली. सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असलेली ही औषधे बैलाला चालतात, मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाहीत. गोचिडांवरचे दुसरे औषध, अमिट्राझ, तेही मांजराला लावू नये. औषध लागलेच तर मांजराला कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने लगेच धुवावे, पुसून उबेत ठेवावे आणि दवाखाना गाठावा. कुत्र्याच्या गोचिडांवर उपाय हवाच, कारण त्यांच्यामुळे एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार होतात: कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. पण तो उपाय वजन पाहून ठरवावा लागतो, आणि भिंतींच्या भेगा लिंपल्याशिवाय पुरा होत नाही, कारण गोचिडाची मादी हजारो अंडी तिथेच घालते.

जळालेल्या ऑईलने लूत बरी झाल्याचे सांगणारे खोटे बोलत नाहीत. तेलाच्या थराखाली काही किडे गुदमरतात आणि खाज काही दिवस कमी होते. परंतु त्या तेलातील विषारी द्रव्ये आणि धातू सोललेल्या कातडीतून व चाटण्यातून शरीरात जातात, आणि कातडीच्या आत खोल राहणाऱ्या किड्यांपर्यंत तेल पोचतच नाही. लुतीचे प्रकारही दोन आहेत. एक माणसाला खाज आणते, दुसरी आणत नाही. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर दोन्हींतला फरक कळू शकतो. बैलांचे आयव्हरमेक्टिन (किडे-जंत मारणारे इंजेक्शन) अंदाजाने टोचण्याचा मोहही टाळावा, लहान कुत्र्याला त्याचे दोन-चार थेंबही जास्त होऊ शकतात.

राहिले तिखट. कुत्रा चावल्याने होणाऱ्या रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून जे करायचे ते त्याआधीच. तिखट, हळद, चुना किंवा तेल यांनी जखम चिघळते आणि मुख्य म्हणजे ती धुण्याचे राहून जाते. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. लस तिथे मोफत मिळते. जखम खोल असल्यास किंवा रक्त आले असल्यास लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजशी लढणारी तयार प्रतिद्रव्ये) हेही लागते, ते कुठे मिळेल हे तिथेच विचारून घ्यावे. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे दरवर्षी रेबीजची लस द्यावी. चावलेल्या कुत्र्याला लस टोचलेली होती की नाही याची चौकशी नंतरही करता येते, माणसाची पहिली सुई मात्र त्याच दिवशी घेतली गेली पाहिजे.