‘तीन पीस, हजार तास, दहा वर्षं’ हे गणित जुळत नाही

प्रॉडक्ट डेव्हलपमेंट करणाऱ्यांत एक सल्ला सर्रास फिरतो: ‘डिझाइन पक्कं झालं की तीन पीस हजार तास गरम चेंबरमध्ये चालवा. एकही बंद पडला नाही, तर दहा वर्षांची काळजी मिटली.’ डेडलाइन डोक्यावर असताना हे ऐकायला गोड वाटतं.

‘तीनपैकी एकही फेल नाही.’ बरं, मग सिद्ध काय झालं? ९० टक्के कॉन्फिडन्सने (खात्रीने) विश्वासार्हता, म्हणजे चाचणीत टिकणाऱ्या मालाचं प्रमाण, निदान ४६ टक्के आहे, इतकंच. म्हणजे ५४ टक्के माल फेल होणारा असला, तरी दहातून एकदा तिन्ही पीस सहीसलामत सुटतील. त्याच कॉन्फिडन्सने ९० टक्के विश्वासार्हता दाखवायला २२ पीस लागतात, ९९ टक्क्यांसाठी २३०. आणि सगळेच्या सगळे पास व्हायला हवेत. त्यातून हे तीन पीस बहुतेकदा सगळ्यांत कसलेल्या हाताने जोडलेले, निवडून ठेवलेले असतात. लाइनवरचा माल तसा नसतो.

‘हजार तास म्हणजे दहा वर्षं.’ खरी गोम इथे आहे. समजा चेंबर १०५ अंश सेल्सिअसला आहे आणि प्रत्यक्ष वापर ५५ अंशांना. तापमानाने झीज किती वेगावते हे सांगणाऱ्या आऱ्हेनियसच्या सूत्रात ॲक्टिव्हेशन एनर्जी (झीज तापमानाला किती संवेदनशील आहे, तो आकडा) ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली, तर झीज साधारण २६ पट वेगाने होते, ०.३ धरली तर जेमतेम ४ पट. चेंबर तेच, तास तेच. कागदावरचा एक आकडा बदलला की सतत चालणाऱ्या उपकरणाच्या तीन वर्षांचे साडेपाच महिने होतात. दहा वर्षं तर दोन्हीकडे नाहीत. शिवाय सर्किट बोर्डावर पार्ट जोडणाऱ्या सोल्डर जॉइंटला तडा जातो तो मुख्यतः तापमान वर-खाली होताना, कारण बोर्ड आणि त्यावरचा सिरॅमिक पार्ट सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. एकाच तापमानावर ठेवलेल्या चेंबरमध्ये हा दोष बाहेर यायचा कसा?

‘डिझाइन पक्कं झाल्यावर.’ तोवर टूलिंगची (उत्पादनाच्या साच्यांची) ऑर्डर गेलेली असते. मग दोष सापडला तरी डिझाइन सहसा बदलत नाही, रिपोर्टची भाषा बदलते!

तीन पीस वाया नाहीत, पण ते सुरुवातीला वापरा. पहिल्या प्रोटोटाइपवर उष्णता, थंडी, कंपन वाढवत नेऊन ते मुद्दाम मोडा. तिथे टक्केवारी नको असते, कुठे मोडतं ते हवं असतं. टक्केवारीचा दावा करायचा तो लाइनवरच्या मालावर. २२ पीस परवडत नसतील, तर जमतील तेवढे बंद पडेपर्यंत चालवा. प्रत्येक पीस किती तासांनी बंद पडला, यावरून वायबुल आलेख (किती तासांपर्यंत किती टक्के माल बंद पडेल, ते दाखवणारा) काढून आयुष्याचा अंदाज बांधता येतो. ‘शून्य फेल’च्या रिपोर्टमधून तो आलेख निघत नाही.