मसाई मारा, व्हाया पन्हाळा

कोल्हापूरच्या मामांना फोनवर सांगितलं की आम्ही मसाई माराला चाललोय, तर म्हणाले, "आरं मग आधी घरला या, जेवून जावा, पन्हाळ्यापासनं कितीसं लांब हाय!" त्यांना वाटलं मसाई पठार. मी म्हटलं मामा, आफ्रिकेतलं, केनियातलं, सिंह वगैरे असतात ते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "पठारावर बी वारं झकास असतंय बघ. आणि फुकट."

हे सगळं सुरू केलं साडूभाऊंनी. तीन वेळा ताडोबाला जाऊन आलेत आणि पुरावा म्हणून त्यांच्याकडे एका वाघाच्या शेपटीचा फोटो आहे, तोही ते झूम करून दाखवतात. दिवाळीच्या फराळाला आले आणि चकली मोडता मोडता म्हणाले की आता इंडिया बास, आता आफ्रिका. दहा मिनिटांत व्हॉट्सॲप ग्रुप तयार, नाव 'चलो मारा'. आईने नाव वाचून विचारलं, "कोणाला मारायचंय?"

पहिला घोळ तारखांचा. जुलै ते ऑक्टोबर या काळात लाखो विल्डबीस्ट, म्हणजे तिकडची बैलासारखी दिसणारी रानजनावरं, टांझानियाच्या सेरेंगेटीतून वर माराकडे येतात, मगरींनी भरलेली मारा नदी पार करतात, तेच तर बघायचं असतं. आता मराठी माणसाचं कॅलेंडर बघा. मे महिन्यात मुलांना सुट्टी, तेव्हा तिकडे मोठा पाऊस. दिवाळीत सुट्टी, तोपर्यंत कळप परत दक्षिणेला निघालेले. मधल्या चार महिन्यांत इकडे श्रावण, गणपती, गौरी, पितृपक्ष, नवरात्र, शिवाय शाळेची सहामाही, म्हणजे विल्डबीस्टांनी चातुर्मास बघूनच प्रवास आखलाय जणू. बायको म्हणाली गौरी सोडून कुठे येणार नाही, आई म्हणाली पितृपक्षात लांबचा प्रवास नको, साडू म्हणाले अहो सिंहाला काय पितृपक्ष असतो का, त्यावर आई म्हणाली सिंहाला नसेल, मला आहे. शेवटी श्रावणातले सहा दिवस सापडले. आईचे दोन उपास त्यात येतात, पण साबुदाणा कुठेही नेता येतो म्हणे.

मग पैसे. जुलैपासून डिसेंबरपर्यंत परदेशी पाहुण्यांना माराचं प्रवेश तिकीट माणशी २०० डॉलर, आणि ते एकदाच नाही हो, रोज, तेही बारा तासांचं. आम्ही पाच मोठी माणसं, म्हणजे दिवसाला हजार डॉलर, चिरंजीवांचे ५० वेगळे. जानेवारी ते जून हेच तिकीट निम्म्यात, पण मग नदी बघायची आणि घरी यायचं. मी एक्सेल शीट केली होती, त्यात डॉलरचे रुपये करणारा कॉलम बायकोने हाइड करायला लावला. आणि २०२४ पासून केनियाने व्हिसा रद्द केलाय असं साडू मोठ्या तोऱ्यात सांगत आले, ते खरंच आहे, फक्त त्याऐवजी ऑनलाइन परवानगी काढायची आणि तिचे ३० डॉलर. म्हणजे दार काढून टाकलंय, पण आत यायच्या आधी बेल वाजवायची आणि बेलचे पैसे.

या सगळ्यावर ग्रुपमध्ये आठ महिने नुसती चर्चा. मुलगा सांगतो की विल्डबीस्ट नदीवर येऊन तासन्‌तास उभी राहतात, एखादं पुढे होतं, पाणी बघतं, मागे फिरतं, मग सगळीच मागे फिरतात, परत येतात, आणि मधेच एक काय वाटतं कोण जाणे, उडी टाकतं की मागून धडाधड सगळे. आमच्याकडे उडी मेव्हणीने टाकली. एका रात्री पावणेबाराला तिने ॲडव्हान्स भरून स्क्रीनशॉट टाकला आणि पुढच्या वीस मिनिटांत आम्ही सगळ्यांनी भरला, मी तर अर्ध्या झोपेत. रक्कम परत मिळणार नाही ही ओळ सकाळी वाचली. मगर ती.

पण खरी मजा लसीची. केनियाला जायचं तर पिवळ्या तापाची लस, आणि ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच, निघायच्या किमान दहा दिवस आधी. सर्टिफिकेट नसेल तर परत येताना आपलेच लोक विमानतळावर धरून सहा दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. आईचं वय ७१. साठीच्या पुढे ही लस जरा जपून देतात, म्हणून आधी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे तपासण्या, मग त्यांची चिठ्ठी, मग केंद्र. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म भरताना विचारलं, "आजी, अंड्याची ॲलर्जी?"

"आम्ही अंडं खातच नाही."

"खात नाही ते कळलं, पण ॲलर्जी आहे का?"

"खाल्लंच नाही तर कसं कळणार?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मी मधे पडून म्हटलं, आई, केक खातेस ना दरवर्षी, काही होतं का? आणि तिथे माझी चूक झाली, कारण ते केक अंड्याचे होते हे तिला पंधरा वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. आई माझ्याकडे बघत राहिली. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "पण हे का विचारताय?" त्या बिचाऱ्या सरळ बाई, सांगितलं की ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. आईने पदर सारखा केला, पुढे केलेला दंड मागे घेतला, आणि मला वाटलं गेले ॲडव्हान्सचे पैसे. तेवढ्यात ती म्हणाली, "औषधाला चालतं. श्रावण अजून लागायचाय ना? मग टोचा." आता सर्टिफिकेटची ती पिवळी पुस्तिका देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये, पंचांगाखाली ठेवलीय. लस एकदा घेतली की जन्मभर चालते असं कळल्यापासून आई म्हणते, वसूल करायला हवी.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. निळा आणि काळा नको, कारण तिकडच्या चावऱ्या त्सेत्से माशा त्या रंगांवर येतात, त्यांचे सापळेच निळ्या-काळ्या कापडाचे करतात, आणि आमच्या घरात जीन्स धरून जे काही आहे ते निळंच आहे. साडूंनी हौसेने मिलिटरी प्रिंटची जोडी घेतली, मग वाचलं की आफ्रिकेतल्या काही देशांत साध्या माणसाने तसले कपडे घातले तर पोलीस विचारतात. आता ते ती घालून बिल्डिंगच्या खाली गाडी धुतात. स्वेटर घ्या म्हटल्यावर बायको हसली, आफ्रिकेत स्वेटर! अगं, मारा माथेरानच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे, पहाटे उघड्या टपाच्या गाडीत दात वाजतात.

आणि पिशव्या. आईने दशम्या, मेतकूट, लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू असं सगळं नेहमीसारखं बांधलं, म्हणजे पिशवीत पिशवी, तिला रबर, परत वरून साडीच्या दुकानाची पिशवी. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि ती आपल्यासारखी नाही, कायद्यात चार वर्षांपर्यंत कैद आहे, हे मुलाने वाचून दाखवलं. आई म्हणाली, "लाडवासाठी चार वर्षं?" मग सगळं स्टीलच्या डब्यांत गेलं. रद्दीवाल्याकडून ताणकाटा आणून दाराच्या कडीला टांगला, आईची बॅग अडकवली, काटा सव्वाअठरावर. नैरोबीहून माराला छोट्या विमानाने जायचा साडूंचा विचार होता, त्यात माणशी पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत. लाडू कमी करायचे की विमान, यावर मतदान झालं आणि विमान गेलं. आता नैरोबीहून पाच-सहा तास गाडीने.

गेल्या रविवारी तिकडच्या गाइडशी व्हिडिओ कॉल झाला. गडी हसतमुख. साडूंनी लेन्सचे प्रश्न विचारले, मुलाने सिंहाला स्वाहिलीत सिंबा, गाडीला गारी आणि दुकानाला डुका म्हणतात हे त्याच्याकडून पक्कं करून घेतलं, मी नदीचं क्रॉसिंग नक्की दिसेल ना विचारलं, तर तो म्हणाला ते विल्डबीस्टला विचारा. मग आईने मला कोपराने ढोसून एकच प्रश्न विचारायला लावला: दिवसभर गाडीत, तर बाथरूमचं काय? तो म्हणाला काळजी नको, मोकळी जागा बघतो, आधी मी उतरून सिंह नाही ना ते पाहतो, मग तुम्ही. आणि आम्ही त्याला बाथरूम म्हणत नाही, टायर चेक करणं म्हणतो. मी आईला मराठीत सांगितलं. ती गंभीरपणे मान हलवत राहिली, काही बोलली नाही.

काल नाशिकला लग्नाला निघालो होतो. इगतपुरीच्या अलीकडे आईने पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर टकटक केलं आणि म्हणाली, "दादा, जरा बाजूला घ्या, टायर बघायचाय." तो बिचारा उतरून चारही टायर लाथा मारून बघत राहिला.