पेढ्यांपुरता एसी

दहिवडी ते म्हसवड हे अंतर तसे किरकोळ आहे. पण पत्रिका वाटायला निघालेल्या आत्या शेजारच्या सीटवर असतील आणि मृग तोंडावर येऊनही पावसाचा पत्ता नसेल, तर जुन्या सातारा–पंढरपूर रस्त्याचा हा तुकडा माणसाचा अंत पाहतो. एसी लावला की आत्यांचे गुडघे धरतात, काचा उघडल्या की फुफाटा आत येतो आणि काचा लावल्या की त्यांना मळमळते. अखेर काच चार बोटे उघडी ठेवण्याचा तह झाला आणि त्या फटीतून धूळ व झळा दोन्ही समप्रमाणात आत येऊ लागल्या.

मागे बसलेले त्यांचे पुण्याचे जावई बाभळी आणि उघडे माळ पाहून “अगदी राजस्थान!” असे उद्गारले. माहेरचा हा अपमान आत्यांना सोसवेना. वास्तविक याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. सह्याद्री ढगांना तिकडेच पिळून घेतो आणि माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास काय ते उरते. हे जावईबापूंना सांगावे म्हणून मी तोंड उघडले, तोच समोर मेंढरे आली.

पावसाळी चिखल मेंढरांना सोसत नाही, म्हणून धनगर या दिवसांत पश्चिमेकडून मुद्दाम माणदेशी परततात. इथे पाऊस कमी पडतो याचा आनंद मानणारे बहुधा तेवढेच. मी हॉर्न वाजवला, त्याचा उपयोग इतकाच झाला की एका मेंढ्याने थांबून बंपरला निवांत पाठ घासून घेतली. मागून सामानाचे घोडे आले. त्यावर घोंगड्या, पातेली, उलटी टांगलेली कोंबडी आणि जाळीतून डोके काढलेले एक कोकरू होते. कोकराला वारा लागत होता, हे मी असूयेने नोंदवले.

गोंदवल्याला दर्शन झाले, महाप्रसाद झाला आणि खरे हाल पुढे सुरू झाले. आत्यांच्या खुणा सगळ्या झाडांच्या, आणि ती झाडे रस्ता रुंद करताना गेलेली. “त्या मोठ्या वडापाशी आत वळ,” असे त्या ठामपणे सांगत, आणि वड कुठे आहे असे विचारले, तर “आता नाही रे, पण होता तिथंच वळ,” असे उत्तर मिळे.

तेवढ्यात त्यांना पत्रिकांबरोबरच्या कंदी पेढ्यांची आठवण झाली. पेढे उन्हाने खराब होतील, या धास्तीने त्यांनी गुडघ्यांवर शाल घेतली आणि स्वतःच्या हाताने एसी लावला. गार झोत आला. मी काच वर केली, देवाचे नाव घेतले, आणि मागून जावईबापूंचा अभ्यासू आवाज आला, “कंदी पेढा खरपूस भाजलेला असतो, आत्याबाई. त्याला काही होत नाही.”

“असं होय,” आत्या म्हणाल्या, “मग बंद कर रे ते.”