आधी कूलरची मोटर उघडू द्या

एका लेखात वाचलं, आयटीआयच्या पोरांचं शिकण्यात मन लागावं म्हणून त्यांना दर महिन्याला प्रेरणादायी व्याख्यान द्या. मी नागपुरात इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो. मे महिन्याच्या दुपारी व्याख्यानात पोरं सरळ पेंगतात. निम्मी रात्री डिलिव्हरी करून आलेली असतात हो! त्यांनाच बंद पडलेली कूलरची मोटर अन् तपासायला मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं मीटर, द्या. मागच्या बाकावरचा उठून म्हणतो, "सर, स्टार्टिंग वाइंडिंग ओपन दाखवतेय." म्हणजे मोटर सुरू करणारी तारेची गुंडाळी कुठंतरी तुटलीय. मग मोटर सुरू व्हायला मदत करणाऱ्या कपॅसिटरची थिअरी स्वतःच विचारतात. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यात अप्रेंटिस असलेला माजी विद्यार्थी बोलवा. विद्यावेतन किती, नाइट शिफ्ट असते का, प्रश्न संपत नाहीत. हजेरीच्या धाकानं फक्त बाक भरतात. अन् वर्कशॉपमधल्या बंद मशिनींबद्दल लेखात एक ओळ नाही, हे कसं?