आधी एक्स्प्लेन तरी लावून बघा ना!

अरे क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, स्लो झाली की लगेच ‘सर्व्हरची रॅम वाढवा’, हे कोण शिकवतं तुम्हाला? आधी क्वेरीपुढे एक्स्प्लेन ही कमांड लावून डेटाबेस ती कशी चालवणार तो प्लॅन बघायला काय होतं? महापेच्या ऑफिसातून निघून घणसोलीला ठाण्याची गाडी पकडावी तर तेवढ्यात फोन, रिपोर्ट लटकलाय! उघडून बघते तर तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखा, पटकन शोधायला) आहे, पण व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, त्याच कॉलमला तारखेतून वर्ष काढणारं इयर फंक्शन लावून ठेवलंय, मग तो साधा इंडेक्स कामाला येणार कसा, बसतो डेटाबेस अख्खं टेबल वाचत. सरळ १ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५च्या आधीपर्यंत अशी रेंज लिहा की! मोबाइल नंबरचा कॉलम टेक्स्ट आणि तुलना आकड्याशी, मायएसक्यूएल हा डेटाबेस तिथे इंडेक्स सोडूनच देतो. लाइकने मजकूर शोधताना सुरुवातीलाच टक्का, म्हणजे ‘आधी काहीही असो’, मग तिथेही साधा इंडेक्स बाद. दोन कॉलम हवेत तरी सिलेक्ट स्टार, म्हणजे सगळेच कॉलम मागवायचे. वर कोणीतरी उठतं आणि दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स टाकतं, अरे प्रत्येक इन्सर्टला ते सगळे इंडेक्स अपडेट होतात, मग एंट्री स्लो झाली म्हणून परत बोंबाबोंब! आणि ‘माझ्या मशीनवर तर पटकन चालते’ हे तर बोलूच नका, तुमच्या टेस्ट टेबलात शंभर रेकॉर्ड, तिथे काहीही पळेल, प्रॉडक्शनएवढा, म्हणजे खऱ्या वापरातल्या सिस्टिमएवढा, डेटा भरून एकदा चालवायला कोणी अडवलंय का?