चित्र उघडू नये म्हणून

टॅबलेटवर पायथन शिकण्याचा आपला निर्णय स्तुत्य आहे. पायड्रॉइड किंवा टर्मक्स हे पायथन चालवणारे ॲप उतरवून घेतले, पायगेम ही खेळ बनवण्याची लायब्ररी बसवली, चेंडूचे एक सुबक चित्र खेळाच्या फाइलीशेजारीच ठेवले आणि प्रोग्राम चालवताच चेंडूऐवजी ‘फाइलनॉटफाउंडएरर’ (फाइल सापडली नाही) ही अक्षरे उमटली, तर सर्वप्रथम ती नजरेआड करावीत. विशेषतः संदेशाची शेवटची ओळ, जिच्यात नेमके कोणते नाव सापडले नाही ते अवतरणचिन्हांत दिलेले असते, ती कटाक्षाने टाळावी. पायथनच्या कर्त्यांनी २०१२ साली, ३.३ या आवृत्तीत, एवढ्या एका चुकीला स्वतंत्र नाव दिले, हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग समजावा.

त्यानंतर ॲप काढून पुन्हा बसवावे. टर्मक्सच्या बाबतीत हा उपाय रामबाण आहे, कारण ॲपबरोबर त्याच्या खासगी फोल्डरातला तुमचा प्रोग्रामही जातो आणि प्रोग्रामच उरला नाही की चूकही उरत नाही.

चित्र शेजारीच आहे, मग सापडत कसे नाही, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारावा. फक्त प्रोग्रामला विचारू नये. नुसते नाव दिले की पायथन ते चित्र प्रोग्रामच्या फाइलीशेजारी नव्हे, तर त्या क्षणी चालू असलेल्या फोल्डरात शोधतो, आणि टॅबलेटवर हे फोल्डर भलतेच कुठले तरी असू शकते. पायथनसोबतच येणाऱ्या ओएस मॉड्यूलमधल्या गेटसीडब्ल्यूडीने तो कुठे उभा आहे हे छापून पाहिले आणि लिस्टडिरने तिथल्या फाइलींची यादी काढली, तर दोन ओळींत उलगडा होतो. पण दोन ओळींत उलगडणारी गोष्ट अख्खा रविवार पुरवण्यासाठी साधना लागते. पाथलिब या पायथनच्याच मॉड्यूलच्या मदतीने प्रोग्रामच्या फाइलीचाच पत्ता घेऊन, तिच्या फोल्डराला चित्राचे नाव जोडून पूर्ण मार्ग तयार करावा, असे कोणी सुचवलेच, तर काखेतला कळसा काखेतच ठेवून गावाला वळसा घालण्याची आपली परंपरा त्याला ऐकवावी.

त्यापेक्षा घरच्या विंडोज संगणकावरचा ‘सी’ ड्राइव्हपासून सुरू होणारा पत्ता जसाच्या तसा चिकटवावा. टॅबलेटला ‘सी’ ड्राइव्ह नसतो, हा टॅबलेटचा दोष. त्या पत्त्यातल्या उलट्या तिरप्या रेघेपुढे ‘एन’ आला की पायथन तिथे नवी ओळ धरतो, त्यामुळे एका चुकीच्या दोन होतात आणि कामात वैविध्य येते. फाइलीच्या नावातल्या इंग्रजी अक्षरांच्या लहान-मोठ्या लिपीकडेही दुर्लक्ष करावे: टॅबलेटच्या सामायिक साठ्यात ती चूक सहसा खपून जाते, टर्मक्सच्या खासगी फोल्डरात खपत नाही, आणि कालपर्यंत चालणारा प्रोग्राम आज का अडला, हे गूढ टिकून राहते.

फाइल सापडूनही चित्र उघडत नसेल, तर तिच्या नावाचे शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरे, बदलावे. हाइक (एचईआयसी) प्रकारच्या फोटोला ‘जेपीजी’ म्हटले की तो जेपीजी होतो, यावर श्रद्धा हवी. पिलो ही चित्रे उघडणारी पायथनची लायब्ररी मात्र नावाकडे न पाहता फाइलीच्या आतल्या सुरुवातीच्या बाइट्सकडे पाहते; अस्सल पीएनजीचे पहिले चार आकडे १३७, ८०, ७८, ७१ असे असतात आणि त्यांतले शेवटचे तीन म्हणजे पी, एन, जी याच अक्षरांचे संकेतांक. नाव बदलून घराण्याचे रक्त बदलत नाही, हे एका लायब्ररीने आपल्याला शिकवावे का? पिलो-हाइफ ही जोडलायब्ररी बसवणे किंवा फोटो रीतसर रूपांतरित करणे, हे ज्यांना श्रद्धा नाही त्यांचे मार्ग.

एवढे करूनही चुकून चित्र उघडलेच, तर चाळीस पिक्सेलच्या चेंडूसाठी ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो निवडावा, जो मेमरीत पिक्सेलमागे चार बाइट धरून सुमारे ४८ मेगाबाइट व्यापतो, आणि तो खेळाच्या पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या चक्राबाहेर एकदा नव्हे, तर चक्राच्या आत, सेकंदाला साठ वेळा उघडावा. थंडीच्या दिवसांत हात शेकायला टॅबलेट उपयोगी पडतो.

शेवटी संगणक शिकलेल्या भाच्याला फोन करावा. “मामा, नक्की काय येतंय?” असे त्याने विचारले, तर “काहीच येत नाही रे,” एवढेच सांगावे. त्याने पडद्याचा फोटो मागितल्यास शेवटची ओळ कापून पाठवावी, आणि तरीही त्याने गेटसीडब्ल्यूडी छापायला लावून दुखणे पकडलेच, तर विषय बदलून त्याच्या लग्नाचे कुठवर आले, ते विचारावे.